भावाच्या खोलीत वापरलेल्या सुया सापडल्या, कुठे आणि कशा टाकू?

निशिगंध:
धाकटा भाऊ इंजेक्शनने नशा करतो हे आता घरात सगळ्यांना माहितीये, उपचारांचं बघतोय आम्ही, पण आत्ताचा प्रश्न वेगळाय. काल त्याच्या गादीखाली एक पिशवी सापडली, त्यात पंधरा-वीस सिरिंज, काहींना टोपण आहे काहींना नाही, शिवाय एक काळा पडलेला चमचा, कापसाचे बोळे, रबरी पट्टा. आई म्हणते कागदात गुंडाळ आणि दे टाकून. मला नाही पटत, कचरा उचलणाऱ्याला टोचलं तर? माझी मुलगी चार वर्षांची आहे, ती सगळीकडे हात घालते. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

सिस्टर१२:
ताई कागदात अजिबात नको. मी नर्स आहे, सांगते तसं करा. आधी मुलीला त्या खोलीतून लांब ठेवा. जाड प्लास्टिकची घट्ट झाकणाची बाटली घ्या, लिक्विड डिटर्जंटची असते तसली, पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई आरपार येते आणि काच फुटते. पिशवीत हात घालू नका, कात्रीने उभी कापून मोकळी करा. बाटली जमिनीवर ठेवायची, हातात धरायची नाही, चुकून त्याच हाताला सुई लागते. ग्लोव्हज घाला पण ग्लोव्हजमधूनही सुई आत जाते, म्हणून चिमट्याने एकेक उचलून टोक खाली करून सोडा. टोपणं लावत बसू नका, सुई वाकवू-मोडू नका. पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टी मारा, वर लिहा "वापरलेल्या सुया, उघडू नये". मग जवळच्या हॉस्पिटलला नाहीतर सुया बदलून देणाऱ्या केंद्राला फोन करून विचारा घेतात का. संडासात फ्लश किंवा भंगारात, दोन्ही नाही.

निशिगंध:
थँक्यू. पण आईने काल ती पिशवी चाचपली होती, बोटाला काहीतरी लागलं म्हणते, नक्की सांगता येत नाही तिला.

सिस्टर१२:
मग आधी आईला आत्ताच डॉक्टरकडे न्या, सुया नंतर. बोट साबण-पाण्याने धुवा, रक्त पिळून काढू नका, ब्लीच लावू नका. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात, त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, २८ दिवस घ्यायच्या. घाबरू नका, बाधित माणसाची सुई टोचली तरी एचआयव्हीचा धोका हजारात साधारण तीन असतो, पण हिपॅटायटिस बी आणि सी चं पण बघायला हवं, बी ची लस घेतलीये का ते डॉक्टर विचारतीलच.

रानवाट:
मी सहा वर्षांपूर्वी सोडलं. चमचा आणि कापूस पण हाताने उचलू नका, हिपॅटायटिस सी त्यावरून पण पसरतो, आणि सिरिंजमध्ये तर तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. अजून एक, पिशवी गुपचूप गायब करू नका ताई. माझ्या घरच्यांनी केली होती, मी त्या रात्री दुसऱ्याची सुई वापरली. आम्ही गादीखाली लपवतो ते पकडले जाऊ म्हणून. त्याला सरळ सांगा की ही बाटली तुझ्यासाठी, पोरीचा हात पोचणार नाही अशी उंचावर ठेव, आणि केंद्र असेल तर तिथे जुन्या देऊन नव्या मिळतात. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ पासून असं करतात, ते रोग पसरू नये म्हणूनच.

निशिगंध:
आईला गोळ्या सुरू झाल्या. भावाशी बोलले, आवाज न चढवता. खूप वेळ गप्प होता, मग म्हणाला बाटली दे, मीच भरतो. कपाटामागे अजून चार आहेत हे पण त्यानेच सांगितलं.