आजारी माणसाला खरं सांगितलं होतं का? अनुभव लिहा

कोल्हापुरात मयत झालं की गल्ली पळत येते, तिरडीचं सामान, पाहुण्यांना फोन, शेजारणीकडनं चहा आणि भात, कुणाला काही सांगावं लागत नाही. पंचगंगेवर अंत्यसंस्कार मोफत, त्यासाठी लोक होळीला शेणी दान करतात. म्हणजे गेल्यानंतरचं आपलं सगळं एक नंबर, पण जायच्या आधीचे महिने? तिथं सगळे गप्प.

आमच्या आण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. आम्ही कावीळ म्हणून सांगितलं, आणि कावीळ होतीच की, त्यामुळं खोटं बोलतोय असंही वाटायचं नाही. एक दिवस त्यांनी दूध संस्थेचं पासबुक आणि कुणाकडनं किती येणं आहे ती वही आईच्या हातात दिली, म्हणाले असू दे तुझ्याजवळ. आई म्हणाली, बरं झाल्यावर तुमचं तुम्ही बघा. दोघांनाबी ठाऊक होतं! ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी दवाखान्यांत बसून 1965 मध्येच याचे चार प्रकार लिहून ठेवलेत: पेशंटला पत्ताच नाही, पेशंटला संशय आहे, सगळ्यांना माहीत असून सगळे नाटक करतात, आणि उघड बोलणं होतं. आमचं घर तिसऱ्यातलं. तुमचं?

उचगावची सून
आम्ही नाही सांगितलं आणि मला त्याचं काही वाटत नाही. सासूबाईच म्हणालेल्या, डॉक्टरांशी तुम्ही बोला, मला काय ते ऐकवू नका, मला हरिपाठ म्हणू द्या. हल्ली "पेशंटला सांगायलाच पाहिजे" असं लोक फार ठासून बोलतात. ज्याला ऐकायचं नाही त्याला धरून ऐकवायचं काय?

घरी जाणारी सिस्टर
मी घरोघरी जाऊन शेवटच्या टप्प्यातले पेशंट बघते. न बोलल्यामुळं जे होतं ते मी बघते, ते सगळं जेवणाच्या ताटावर निघतं. शेवटी शेवटी शरीराला अन्न नकोच असतं, भूक मरते, ती आजारामुळं. पण घरातल्यांना वाटतं आपण माणूस उपाशी मारालोय, मग पेज घाल, नारळपाणी घाल, गिळता येत नसताना तोंडात घातलं की ठसका लागतो, कधी ते फुफ्फुसात जातं. ओठ ओल्या कापसानं पुसा, तोंड स्वच्छ ठेवा, तेवढं पुष्कळ होतं. अगदी शेवटी श्वास मधेच थांबतो, परत सुरू होतो, घशात घरघर होते, ती ऐकून घरचे घाबरतात, पण पेशंटला बहुतेक वेळा त्याचा त्रास जाणवत नसतो. आणि मॉर्फिन. "ते दिलं की माणूस लवकर जातो" हे मला रोज ऐकायला मिळतं. डॉक्टरांनी मोजून, बेतानं वाढवत नेलं तर दुखणं आणि धाप कमी होते, जीव जातो तो आजारानं. बद्धकोष्ठता मात्र होते, त्याचं औषध पहिल्या दिवसापासनं मागून घ्या.

रंकाळ्यावर फिरणारा
माझ्या मित्रानं घरच्यांच्या आधी मला सांगितलं, रंकाळ्यावर चालता चालता, आणि वर म्हणाला घरात बोलू नको. घरच्यांना वाटायचं त्याला माहीत नाही, त्याला वाटायचं घरच्यांना माहीत नाही, मधे मी. रक्षाविसर्जनाला घाटावर निवद ठेवला, भजी, बुंदी, त्याची आवडती सिगारेटपण, आणि कावळा काही शिवेना. मग एकेक जण हात जोडून पुढं, "पोरीचं शिक्षण करतो", "घराचे हप्ते भरतो". काय इच्छा राहिली असंल हे जित्या माणसाला कुणी विचारलं नाही आणि कावळ्याला विचारत बसले. मला माहीत होती, पण मी कोण? कामावर रजा मागितली तर म्हणाले, तुझा कोण लागत होता?

मंगळवार पेठ
आईनं स्वतःच लिहून ठेवलंय, व्हेंटिलेटर नको म्हणून. सुप्रीम कोर्टानं मार्च 2018 मध्ये हे मान्य केलं, पण आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जातंय त्या भानगडीत. 2023 पासनं दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. मामा अजून तिच्याशी बोलत नाही, म्हणतोय अभद्र लिहितीस.

नवीन सभासद
वडिलांचा रिपोर्ट आलाय. बहीण म्हणते सांगूया, काका नको म्हणतात. सिस्टर, सुरुवात कशी करायची?

घरी जाणारी सिस्टर
सांगायला बसूच नका, आधी विचारा. "डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतंय?" एवढंच, आणि मग गप्प बसा, त्यांना बोलू दे. बहुतेक वेळा त्यांना निम्मं माहीत असतंय. मग "अजून सांगू, का पुरे?" असं विचारा. पुरे म्हणाले तर थांबा, दोन दिवसांनी परत विचारा. आणि काकांना त्या वेळी खोलीत ठेवू नका.