पाचशे वर्षं मान खाली घातलेला बल्गेरियन? साफ असहमत

रानवाट: परवा इथे एकाने लिहिलं की ऑटोमन अमलाखाली पाचशे वर्षं काढल्याने बल्गेरियन माणूस कायमचा दबका, संशयी आणि सरकारला फसवण्यात हुशारी मानणारा झाला. पुरावा म्हणून त्यांची म्हण: वाकवलेली मान तलवार कापत नाही. डोकंच फिरलं. अहो, १३९६ ते १८७८ हा काय एकसलग काळोख होता? १८३५ साली गाब्रोवो या बल्गेरियन गावात आधुनिक शाळा निघाली, तीही व्यापाऱ्यांच्या पैशावर. स्लिवेन शहरातल्या दोब्री झेल्याझकोवच्या कारखान्यातलं कापड सुलतानाच्या सैन्याला जायचं. इवान हाजिस्की या बल्गेरियन समाजशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास या कारागिरांच्या मनोवृत्तीवर लिहिलं, त्यात काटकसरी, हिशेबी, गावकी चालवणारा माणूस दिसतो. 'गुलामी मन' हे राष्ट्रवादी इतिहासकारांनी रंगवलेलं चित्र आहे. राष्ट्रीय जागृतीची गोष्ट सांगायची तर आधी गाढ झोप दाखवावी लागते.

खडूफळा: शाळा सांगितलीत, बाताक गावाचं का नाही सांगितलं? १८७६ चा ऑटोमनांविरुद्धचा उठाव मोडताना बाशीबाझुकांनी, म्हणजे ऑटोमनांच्या बिनशिस्त भाडोत्री सैनिकांनी, तिथे बायकापोरांसकट हजारो माणसं मारली. मी ते चर्च पाहिलंय. लोक जीव वाचवायला आत शिरले होते, त्यांची हाडं अजून तिथे ठेवलेली आहेत. बाहेर आल्यावर तासभर कुणाशी बोलवेना. आणि बल्गेरियनांचा इतिहास लिहिणाऱ्या पाइसी या भिक्षूने १७६२ मध्येच लिहिलं होतं, की स्वतःला बल्गेरियन म्हणवून घ्यायची लाज का वाटते. तो काय नंतरचा इतिहासकार?

रानवाट: पाइसी ज्या लाजेबद्दल बोलतो ती ग्रीकांपुढची, तुर्कांपुढची नव्हे. स्वतंत्र चर्चसाठीचं भांडणही ग्रीक धर्मपीठाशीच होतं, आणि १८७० साली स्वतंत्र चर्च मिळालं ते सुलतानाच्या फर्मानाने. बाताक मी नाकारलेलं नाही. उठाव कोप्रिव्श्तित्सा, पानाग्युरिश्ते अशा सधन गावांत पेटला, हे दबक्या लोकांचं लक्षण आहे का?

जुनावाडा: आपल्याकडे तरी काय वेगळं? देशमुख-देशपांडे आदिलशाहीत वतनं सांभाळूनच होते. शाळेत मात्र...

खडूफळा: कृपया नको. प्रत्येक धाग्यात तुमची वतनं येतात.

निळीछत्री: तुमचं मनाबिनाचं चालू द्या, पण या इतिहासाने माणसांचं काय केलं तेही ऐका. सोफियात नोकरीला असताना माझी घरमालकीण दक्षिण बल्गेरियातल्या कर्जलीची तुर्क होती. १९८५ च्या हिवाळ्यात त्यांच्या गल्लीत पोलीस आले, यादीतून बल्गेरियन नाव निवडा म्हणाले. तिच्या वडिलांनी निवडलं नाही, तर कारकुनाने स्वतःच एक लिहून टाकलं. तेव्हाच्या झिवकोवच्या कम्युनिस्ट सरकारचा युक्तिवाद काय, तर हे तुर्क नाहीतच, बळजबरीने बाटवलेले बल्गेरियन आहेत, त्यांना त्यांची ओळख परत देतोय. हे शहाणपण इतिहासकारांनीच पुरवलं होतं! १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त लोक तुर्कस्तानात गेले.

खडूफळा: म्हणजे धर्मांतरं झालीच नाहीत? सतराव्या शतकातला पाद्री मेथोदी द्रागिनोव याच्या बखरीत चेपिनो खोऱ्यातल्या बळजबरीच्या धर्मांतराचा सगळा प्रकार लिहिलाय.

निळीछत्री: ती बखर सतराव्या शतकातली नाही हो! छापली गेली १८७० मध्ये, आणि भाषेवरून ती एकोणिसाव्या शतकातली रचना आहे हे अभ्यासकांनी दाखवलंय. तिच्यावर कादंबरी आली, चित्रपट आला, आणि त्याच भागातल्या पोमाकांची, म्हणजे बल्गेरियन बोलणाऱ्या मुसलमानांची, नावं सरकारने सत्तरच्या दशकात बदलली.

खडूफळा: एक बखर खोटी म्हणून पाचशे वर्षं गोडीगुलाबीची होत नाहीत. देवशिर्मेत सुलतानाच्या सैन्यासाठी आणि चाकरीसाठी ख्रिस्ती घरांतली मुलं उचलून नेत, तेही बनावट का?

निळीछत्री: नाही, ते खरं. पण त्याचा सूड १९८५ च्या म्हाताऱ्यावर का काढायचा?

खडूफळा: काढायचा असं मी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका.

रानवाट: माझा मुद्दा बाजूलाच राहिला. २००७ मध्ये दोन अभ्यासकांनी विचारलं, की बाताकची आठवण पिओत्रोव्स्की या पोलिश चित्रकाराच्या १८९२ च्या चित्रामुळे कशी घडली. कत्तल झालीच नाही असं ते म्हणत नव्हते, तरी देशद्रोही ठरले, त्यांचं यावरचं प्रदर्शन रद्द झालं. खडूफळा, तुम्ही त्यात कुठे उभे राहिला असता?

खडूफळा: प्रदर्शन होऊ द्यायला हवं होतं. एवढं मान्य, यापुढे एक इंचही नाही. गुलामी मन वगैरे सरसकट बोलू नये हेही ठीक. पण तुमचा हाजिस्की कारागीर गावांचा झाला. चिफलिकवर, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या शेतीवर, राबणाऱ्या कुळाचं मन कोणी लिहिलं, ते सांगा.

रानवाट: हा प्रश्न रास्त आहे. ऑटोमन जमीनधाऱ्यावर वेरा मुताफ्चिएवा या इतिहासकार बाईंनी काम केलंय, तिथून सुरुवात करा. पण म्हणी घेऊन परत येऊ नका.