शेपूट कधी हलते? कुत्र्यांचा आनंद आणि आपली स्वप्नं (अनुभव धागा, गोवा)

चेंडू तोंडात आल्यावर कुत्रा जेवढा खूश असतो, त्याहून कितीतरी जास्त तो चेंडूमागे धावताना असतो. आपलं नेमकं उलटं चालतं. स्वप्न पुरं झालं की आनंद, तोवर नुसती ओढाताण. हा फरक कुठून येतो आणि त्यातून आपल्याला उचलण्यासारखं काय आहे, हे कुत्र्यांसोबत रोज काम करणाऱ्यांनी इथे लिहावं अशी विनंती. घरच्या कुत्र्याचे किस्से नकोत. पद्धत लिहा, मापं लिहा, कुठे चुकतं आणि का, ते लिहा.

प्रशिक्षण, म्हापसा

कुत्र्याला रायबंदरहून दिवाडीला फेरीबोटीने न्यायचं आहे असं समजा. बोटीत इंजिनाची थरथर असते, पायाखाली लोखंडी पत्रा, शेजारी गुरगुरणाऱ्या मोटरसायकली आणि समोर खणखणत खाली येणारी फळी. घाबरलेल्या कुत्र्याला पट्ट्याने ओढत आत नेलं तर तो त्या दिवशी जाईल, पण दुसऱ्या दिवशी धक्का दिसताच पाय रोवून बसेल.

त्याऐवजी काम तोडायचं. गर्दी नसलेल्या वेळी धक्क्यापासून तीसेक मीटरवर उभं राहायचं. बोट आली, फळी वाजली आणि कुत्रा शांत राहिला, की लगेच खाऊ. लगेच म्हणजे एका सेकंदाच्या आत. उशीर झाला तर त्या खाऊचा संबंध तो भलत्याच गोष्टीशी जोडतो. तुकडा वाटाण्याएवढा, मीठ न घालता उकडलेल्या कोंबडीचा. सुकी सुंगटं (कोळंबी) देऊ नका, ती फार खारट असतात. एका बैठकीत दहा-बारा तुकडे, वेळ तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाचपैकी चार वेळा जमलं तर पुढची पायरी, लागोपाठ दोनदा फसलं तर एक पायरी मागे. मग वीस मीटर, दहा मीटर, रिकाम्या बोटीच्या फळीवर दोन पाय, चारही पाय, आत एक मिनिट, आणि सगळ्यात शेवटी इंजिन सुरू असताना.

लोक चुकतात ते एकाच वेळी दोन गोष्टी अवघड करून. अंतर कमी करायचं असेल त्या दिवशी गर्दी वाढू द्यायची नाही.

आता हेच माणसाला लावून बघा. जत्रेच्या नाटकात काम करायचं स्वप्न आहे आणि तोंडातून शब्द फुटत नाही. थेट तालमीला उभं राहणं म्हणजे ओढत बोटीत नेणं. आधी दहा ओळी बंद खोलीत, मग घरातल्या एकासमोर, मग सोप्यावर चौघांसमोर, मग रिकाम्या रंगमंचावर, मग तालमीत. संवाद नवा असेल त्या दिवशी प्रेक्षक जुनेच ठेवायचे. पायरी मागे घेणं ही हार नव्हे. चांगला प्रशिक्षक दिवसातून चार वेळा मागे जातो, म्हणूनच त्याच्या कुत्र्याची शेपूट हलत राहते.

प्राणिवर्तनाचा अभ्यास, पणजी

धाग्याच्या पहिल्याच वाक्याला आधार देणारा एक प्रयोग आहे. स्वीडनच्या कृषिविज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बीगल जातीच्या बारा कुत्र्यांच्या सहा जोड्या केल्या. जोडीतला एक कुत्रा शिकवलेलं उपकरण चालवायचा आणि बक्षीस मिळवायचा. दुसऱ्यालाही तेवढंच बक्षीस मिळायचं, पण त्याच्या करण्या-न करण्याशी त्याचा काही संबंध नसायचा. पहिल्या गटातले कुत्रे शेपूट जास्त हलवत आणि प्रयोगाच्या जागी जायला उत्सुक असत. दुसऱ्या गटातले हळूहळू तिथे जायला नाखूश झाले. बक्षीस दोघांना सारखंच, फरक एवढाच की एकाने ते कमावलं होतं.

स्वप्नामागे लागलेल्या माणसाने इथून उचलावं असं एक: स्वतःला द्यायची बक्षिसं सैल सोडू नका. ‘आज दमलो, म्हणून आइस्क्रीम’ हे दुसऱ्या गटातल्या कुत्र्याचं बक्षीस आहे. ‘हा धडा सोडवला, म्हणून आइस्क्रीम’ हे पहिल्या गटातल्याचं. आणि मुलाचं स्वप्न आईवडिलांनी आयतं हातात ठेवू नये, यालाही मला हेच कारण पुरेसं वाटतं.

निवारा आणि उपचार, मडगावच्या बाजूला

वर सगळं आनंदी कुत्र्यांबद्दल आहे. आमच्याकडे येणारी बरीचशी कुत्री भिंतीकडे तोंड करून पडलेली असतात. त्यांच्याबद्दल लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण स्वप्न सोडून दिलेली माणसंही अशीच दिसतात.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले, त्यातली बरीच कुत्री पुढे सहज उडी मारून सुटण्याची सोय असतानाही जागची हलली नाहीत. (असे प्रयोग आज कुणी करू नयेत.) तेव्हा अर्थ असा लावला गेला की ती कुत्री हतबलता शिकली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी हा अर्थ उलटा फिरवला. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की ‘माझ्या करण्याने काहीतरी बदलतं.’

म्हणून खचलेल्या कुत्र्याला आम्ही धीर देत बसत नाही, त्याच्या हातात सूत्रं देतो. पहिले दोन-तीन दिवस कुणी थेट त्याच्या डोळ्यांत बघत नाही, वरून हात आणत नाही. पिंजऱ्याशी कडेने बसायचं, पाठ अर्धी त्याच्याकडे. अन्न दोन भांड्यांत, एक जवळ, एक लांब; कुठलं खायचं ते तो ठरवेल. त्याने मान वळवली की आपण एक पाऊल मागे सरकायचं. ‘मी मान वळवली आणि माणूस मागे गेला’ हा त्याचा पहिला विजय. जवळ यायला सुरुवात होते ती त्यानंतर. हात लावायचा तो छातीला किंवा खांद्याला, मोजून तीन सेकंद, मग हात काढून बघायचं. तो स्वतः पुढे झुकला तरच पुन्हा.

स्पर्धा परीक्षेत तीनदा नापास झालेल्या मुलाला ‘तू करू शकतोस’ हे सांगून उपयोग होत नाही. त्याला आजच्या आज परिणाम दिसेल असं काम लागतं. सराव परीक्षेतले फक्त पंधरा प्रश्न, उत्तरं लगेच तपासायची, चुकलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरातले सहा बरोबर होते ते नऊ झाले, एवढं त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसू दे.

जाता जाता एक. हलणारी प्रत्येक शेपूट आनंदाची नसते. ताठ उभारलेली, टोकाशी थरथरणारी शेपूट हा इशारा आहे. आनंदी कुत्रा कमरेपासून हलतो, तोंड सैल उघडं असतं, अंगाला बाक असतो.

वासाचे खेळ, पर्वरी

ड्युरांटन आणि हॉरोविट्झ या कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांचा २०१९ चा अभ्यास सांगते. कुत्र्यांच्या एका गटाने दोन आठवडे लपवलेला खाऊ नाकाने शोधला, दुसऱ्याने मालकाच्या पायाला पाय लावून चालण्याचा सराव केला. आधी आणि नंतर दोन्ही गटांसमोर एक वाडगा अशा जागी ठेवला, की तो भरलेला की रिकामा ते कळू नये. नाकाने शोधणारे कुत्रे नंतर त्याच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. खाऊ दोघांनाही मिळत होता. स्वतःच्या मर्जीने शोधण्याची मुभा मात्र एकालाच होती.

घरी करायचं तर छातीपट्टा आणि पाच मीटरची दोरी घ्या. वीस मिनिटं वाट कुत्रा ठरवेल, तुम्ही फक्त वाहनांपासून सांभाळा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत परत या. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर पंजांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड शोधायला विसरू नका.

माणसांसाठीही मी आठवड्यातून असा एक तास सुचवते. आपल्या विषयाच्या आसपास, पण ठरलेल्या अभ्यासाबाहेर. चित्रकाराने फोंड्याच्या देवळांतलं लाकूडकाम बघत फिरावं, वही न उघडता.

किनारा, काणकोण

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. गालजीबाग आणि आगोंदच्या वाळूत, तसंच तिकडे मोरजी-मांद्र्याला, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. त्या काळात मोकाट कुत्री तितक्याच आनंदाने घरटी उकरतात. ओढ खरी आहे, आनंदही खरा, आणि नुकसानही खरं. त्यामुळे नुसती ओढ पुरेशी नाही, तिला जागा नेमून द्यावी लागते. उकरायची सवय असलेल्या कुत्र्यासाठी अंगणात दीड मीटर बाय एक मीटर, दीड फूट खोल वाळूचा हौद करा. वरच्या थरात खाऊ पुरा, मग रोज थोडा खोल. वाळू ओलसर ठेवा. कोरडी ढासळते आणि कुत्र्याचा रस जातो. घरट्यांच्या मोसमात किनाऱ्यावर दोरी सोडायची नाही.

शिकवणं आणि विश्रांती, वास्को

दोन अभ्यास, थोडक्यात. डेन्मार्कमध्ये २०११ साली दिसलं, की आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेले बीगल रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी बैठकांत काम शिकले. आणि २०१७ च्या एका अभ्यासात सोळा लॅब्राडॉर होते. शिकून झाल्यावर अर्धा तास खेळलेल्यांना तेच काम दुसऱ्या दिवशी नुसती विश्रांती घेतलेल्यांपेक्षा कमी प्रयत्नांत जमलं. तबला शिकणाऱ्या मुलाला क्लासहून आल्यावर फुटबॉलला सोडा. लगेच दुसऱ्या शिकवणीला बसवू नका.

धागाकर्ती

म्हापसेकरांना एक प्रश्न. सगळ्या पायऱ्या नीट पार पडल्या, आणि एक दिवस कुत्रा अचानक फळीवरच अडला, तर काय बघायचं?

प्रशिक्षण, म्हापसा

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला धक्क्याचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि बोट तिथे लागते. कुत्र्याने सराव केला कोरड्या दगडावर आणि आज पंजे घसरताहेत. त्याच्या लेखी ही नवी जागा आहे. नखंही तपासा, लांब नखांनी पकड जाते. त्या दिवशी बोट सोडून द्या, वरच्या कोरड्या भागावर पाच तुकडे खाऊ घालून घरी आणा. पुढच्या खेपेला भरतीच्या वेळी तीच फळी, आणि त्यानंतर रोज अर्धा-अर्धा तास ओहोटीकडे सरकत जा.