प्रतिसाद: गोकाकच्या पलीकडे

बेळगावहून एका दिवसात होणारं, थोडं गूढ ठिकाण विचारलंय आणि सगळे गोकाकच सांगतायत. धबधबा पावसाळ्यात बघावाच, ५२ मीटरची धार आहे. पण उन्हाळ्यात जाणार असाल तर हुन्नूरचं विठ्ठल मंदिर गाठा. हिडकल धरणात बुडालेलं हे देऊळ घटप्रभा नदीचं पाणी उतरलं की वर येतं. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. भेगाळलेल्या गाळात शिंपले, खांबांवर पाण्याच्या रेघा, आणि पायऱ्यांवर अजून ओल! हात जोडताना अंगावर काटाच आला. निघण्याआधी पाणी किती उतरलंय ते तिथल्या कुणाला तरी विचारा, आणि गाळात गाडी घालू नका.

पावसाळ्यात मात्र खानापूर तालुक्यातलं हलशी. कदंब राजघराण्याची ही जुनी राजधानी. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकाला नमस्कार करताना दुसऱ्या देवाकडे पाठ होते. भूदेवीला उचलून धरलेला वराह जवळ जाऊन, निवांत बघा. डबा घरूनच न्या. येताना वाटेत नंदगडला, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी थांबाच, १८३१ साली त्यांना तिथंच फाशी दिली होती.