मदत हवी आहे: बर्फातला वेस्टर्न, नाव आठवत नाही (शनिवारच्या आत हवं)

जुनं_खोगीर (धागाकर्ता)
मंडळी, घाई आहे. शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयात एक वेस्टर्न, म्हणजे काउबॉयवाला पिक्चर, दाखवायचं मी कबूल करून बसलोय आणि नावच आठवेना. बर्फात अडकलेलं छोटं गाव. एक टोळी येऊन गाव ताब्यात घेते. शेवटी हिरो त्या टोळीला डोंगरात घेऊन जातो, घोडे छातीपर्यंत बर्फात. एकेक जण गळत जातो. एकाच्या हातात बंदूक आहे, हिरो समोर उभा आहे, पण बोटं गोठलीत, चाप ओढताच येत नाही. एवढ्यावरून ओळखायला हवा. गूगल करून झालंय, तेच तेच दोन-तीन पिक्चर पुढे येतात.

रातकिडा७७
डोळे झाकून सांगतो, 'द ग्रेट सायलेन्स'. १९६८, इटालियन दिग्दर्शक कोर्बुची. क्लाउस किन्स्की आणि ट्रिंटिन्यां, संगीत मॉरिकोने. कथा युटातली, पण शूटिंग इटलीत डोलोमाइट्सच्या डोंगरांत. शेवट बघून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

जुनं_खोगीर
नाही हो. तो मला पाठ आहे. त्यातला हिरो मुका, माझ्या पिक्चरमधला बोलतो. पुढे?

खिडकीपाशी
'द हेटफुल एट'?

जुनं_खोगीर
अहो ताई, मी कॉलेजात असताना पाहिलाय.

खिडकीपाशी
मग? तो २०१५ चा आहे आणि तेव्हा मीही कॉलेजातच होते. तुमचं कॉलेज कधी हे लिहिलंच नाहीत की काका.

जुनं_खोगीर
१९८४. हॉस्टेलचा फिल्म क्लब, १६ एमएम, मेसच्या भिंतीवर चादर ताणून. दुसरं रीळ लावेपर्यंत कुणी जागचं हललं नव्हतं.

कडेकपारी
'मॅकेब अँड मिसेस मिलर', १९७१. शेवटचा सगळा पाठलाग पडत्या बर्फात आहे. वॉरन बीटी, ज्युली क्रिस्टी आणि लेनर्ड कोहेनची गाणी. छायाचित्रकार झिगमंड यांनी निगेटिव्ह मुद्दाम आधी थोडी उजेडात धरून धुरकट केली होती, म्हणून ती जुन्या फोटोसारखी पिवळट छटा. हाच दाखवा, नाव नाही आठवलं तरी चालेल.

जुनं_खोगीर
चालणार नाही. लोकांना मी हाच सांगितलाय. शिवाय मॅकेबमध्ये टोळी नाही, तिघं मारेकरी आहेत.

मावळतीचा_वारा
धागाकर्ते, नीट विचारते, नीट सांगा. रंगीत की कृष्णधवल? नट ओळखीचा होता का? बायका आहेत का? टोळी कसली, बँक लुटारू की अजून कुणी?

जुनं_खोगीर
कृष्णधवलच. बर्फातला म्हटल्यावर दुसरा कसा असेल? टोळीचा म्होरक्या जाडजूड, आधी सैन्यात कॅप्टन असलेला, आणि गोळी लागलेला. गावात डॉक्टर नाही, जनावरांचा डॉक्टर ती गोळी काढतो. म्होरक्या आपल्या माणसांना दारू आणि बायका दोन्ही बंद करतो. मग ते गावातल्या बायकांना नाचायला लावतात. हात धरून नुसतं गरागरा फिरवत राहतात. त्या नाचाने पोटात गोळा येतो. कुणी कुणाला मारत नाही तरी.

रातकिडा७७
हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही इथे किन्स्कीला उगाच बर्फात उभा केलाय. आणि बर्फातले रंगीत वेस्टर्न ढिगाने आहेत. 'ट्रॅक ऑफ द कॅट' (१९५४) तर रंगीत फिल्मवर काढून जवळजवळ कृष्णधवल ठेवलाय. सगळं काळं-पांढरं, उठून दिसतो तो एक रॉबर्ट मिचमचा लाल कोट. दिग्दर्शक वेलमनचं धाडस बघा.

गोदाकाठ
माफ करा, पण बर्फाचं एवढं काय? वेस्टर्न म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली, अमेरिकेतलं ते लाल खडकांचं वाळवंट. 'द सर्चर्स', १९५६. दार उघडतं तिथे सुरू, दार मिटतं तिथे संपतं. जॉन वेन एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून दाराबाहेर उभा राहतो, ती जुने नट हॅरी केरी यांची लकब होती. केरींची पत्नी ऑलिव्ह त्याच पिक्चरमध्ये आहे. त्याच्या दिग्दर्शकाच्या, फोर्डच्या पुढे हे इटालियन लोक म्हणजे नुसते डोळ्यांचे क्लोजअप.

रातकिडा७७
क्लोजअप नुसते नसतात. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधलं कुटुंबाचं हत्याकांड आठवा आणि मग 'शोले'तल्या ठाकूरच्या घरचं आठवा. आपल्यापर्यंत वेस्टर्न त्या पिक्चरच्या इटालियन दिग्दर्शकामार्गे, लिओनेमार्गे आलाय.

गोदाकाठ
आपल्यापर्यंत तो 'मॅकेनाज गोल्ड'मार्गे आलाय. ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ. भारतात तो इतका चालला की आमच्या वडिलांच्या पिढीला इंग्रजी पिक्चर म्हटलं की तोच आठवतो. वडील चार वेळा गेले होते, दर वेळी वेगळ्या मित्राला घेऊन.

सोपानदेव
प्रोजेक्टर कोणता वापरणार? हॉलमध्ये उजेड असेल तर कृष्णधवल पिक्चर राखाडी दिसतो. पडदे जाड लावा. आवाज पुढच्या स्पीकरला द्या, मागे नको. आणि मध्यंतरात चहा ठेवू नका, लोक परत येत नाहीत.

मावळतीचा_वारा
सोपानदेव, नाव तर सापडू द्या. धागाकर्ते, सुरुवात काय आहे? सुरुवात सांगितलीच नाहीत.

जुनं_खोगीर
सुरुवात म्हणजे बाटलीचा सीन, तो कुणालाच आठवत नाही का? गुरं पाळणारा हिरो आणि एक शेतकरी यांचं काटेरी तारेवरून भांडण. शेतकऱ्याच्या बायकोवर हिरोचं प्रेम. दोघांची बारमध्ये गाठ पडते. हिरो आपल्या माणसाला सांगतो, काउंटरवरून बाटली सोड, ती खाली पडली की गोळ्या. बाटली घरंगळत जाते, सगळे तिच्याकडे बघतायत, आणि नेमकी तेव्हाच दार उघडून टोळी आत येते. भांडण तिथेच राहतं.

उशिरा_आलेली_एसटी
बाटलीवरून लगेच कळलं. 'डे ऑफ द आउटलॉ', १९५९. दिग्दर्शक आंद्रे द तोथ, मूळचे हंगेरीचे, एका डोळ्याने अंध आणि तरीही थ्रीडी 'हाउस ऑफ वॅक्स' काढणारे. हिरो रॉबर्ट रायन. म्होरक्या म्हणजे बर्ल आइव्ज. ते मुळात लोकगीतं गाणारे, आणि 'द बिग कंट्री' या वेस्टर्नसाठीच त्यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं. शेतकऱ्याची बायको टीना लुईस. कथा वायोमिंगमधली, पण शूटिंग ओरेगॉनमध्ये, खऱ्या बर्फात. कॅमेरा रसेल हार्लनचा, 'रेड रिव्हर' आणि 'रिओ ब्राव्हो'वालाच.

जुनं_खोगीर
हाच! हाच! आत्ता पाच मिनिटं लावून पाहिला, ते घोडे बघून अंगावर काटा आला. छातीने बर्फ फोडत चाललेत, नाकातून वाफ येतेय, आणि त्यांना हे नाटक आहे हे ठाऊक नाही. चाळीस वर्षं मला वाटायचं मी हे आठवणीत वाढवून ठेवलंय. नाही, तसंच आहे. ताई, तुमचे खरंच आभार.
लोकांना हाच का दाखवायचाय तेही सांगतो. आमच्याकडे वेस्टर्न म्हटलं की धडाधड पिस्तुलं एवढंच लोक समजतात. इथे शेवटी पिस्तूल काहीच ठरवत नाही, थंडी ठरवते. हिरोला ठाऊक असतं की त्या वाटेला पलीकडे खिंडच नाही, तरी तो टोळीच्या पुढे चालत राहतो.

कडेकपारी
शेवट सांगून टाकलात! मी आज रात्री बघणार होतो.

जुनं_खोगीर
चुकलं, खरंच माफ करा. तरी बघा. एक तास बत्तीस मिनिटांचा आहे, आणि नाचाच्या प्रसंगासाठी तर नक्की बघा.

गोदाकाठ
छोटेच वेस्टर्न हवे असतील तर दिग्दर्शक बड बोटिकरचे बघा. 'राइड लोनसम', तोही १९५९ चाच, सव्वा तासाच्या आत संपतो. रँडॉल्फ स्कॉट आणि शेवटी पेटलेलं ते फाशीचं झाड. पुढच्या महिन्यात तो लावा, मी नाशिकहून येतो.

खिडकीपाशी
काका, शनिवारी किती वाजता? आणि सबटायटल्स आहेत का? माझ्या आईला आणायचंय, तिला इंग्रजी बोललेलं पटकन कळत नाही.

जुनं_खोगीर
सहा वाजता. इंग्रजी सबटायटल्स आहेत, मराठी नाहीत. नाचापर्यंतचे संवाद मी उद्या रात्री बसून मराठीत लिहून काढतो, कागद पहिल्या रांगेत ठेवतो. पुढे फारसं कुणी बोलत नाही.