तीस वर्षांच्या गोल्डविंगला टोबार लावावा का?

लेस्टरचा वाटसरू:
माझी होंडा गोल्डविंग जीएल 1500 मोटरसायकल आहे, 1994 ची. गेल्या उन्हाळ्यात वेल्सला निघालो तेव्हा मागे बायको, बाजूच्या दोन्ही पेट्या आणि वरचा डबा गच्च, डब्यावर तंबू आणि घडीची खाट. ए 5 या हमरस्त्यावर एका चढाच्या वळणात हँडल एकदम हलकं लागलं. पोटात गोळाच आला. तेव्हापासून ठरवलंय, टोबार (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) बसवायचा आणि छोटा ट्रेलर ओढायचा.

सामान मागच्या चाकामागे उंचावर रचण्यापेक्षा ते जमिनीलगत, स्वतःच्या दोन चाकांवर चाललेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. सहा सिलिंडर, 1520 सीसी, शाफ्ट ड्राइव्ह. शंभर किलो या इंजिनाला जड नाहीत. इथला, ब्रिटनमधला कायदाही आडवा येत नाही. इंजिन 125 सीसीच्या वर हवं, ट्रेलरची रुंदी एक मीटरच्या आत हवी, आणि भरलेलं वजन 150 किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत. मी यात आरामात बसतो.

मीठ आणि गंज:
मी पूर्ण विरोधात आहे, दादा. ट्रेलर किंवा साइडकार जोडू नका असं खुद्द होंडाच पुस्तिकेत सांगते. इंजिन ओढेल हो, थांबवणार कोण? या ट्रेलरला ब्रेक नसतात. ओल्या रस्त्यावर, गाडी कललेली असताना ब्रेक लागला की मागचे शंभर किलो शेपटीला बाहेर ढकलतात. कारला ते झेलायला चार चाकं असतात, तुमच्याकडे मागे एकच.

शिवाय तीस हिवाळे! इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते फ्रेमच्या सांध्यासांध्यात जाऊन बसतं. अशा लोखंडाला रोज हिसके देणारी वस्तू लावायची? त्यापेक्षा सामान कमी करा. चार किलोचा तंबू मिळतो.

ओहायोकर:
मी अकरा वर्षं याच मॉडेलमागे ट्रेलर ओढतोय, म्हणून लिहितो. टोबार असा घ्या की ज्याचे हात पुढे मुख्य फ्रेमपर्यंत जातात. नुसता मागच्या टोकाला लटकणारा नको. दुसरं म्हणजे फिरता कपलर, म्हणजे ट्रेलरचा गोल फिरू शकणारा जोड. मोटरसायकल वळणात कलते, ट्रेलर सरळ राहतो. टोबारच्या बॉलवर (टोकाच्या गोळ्यावर) बसणारा साधा कपलर ठरावीक मर्यादेपर्यंतच फिरतो, पुढे तो टोबारलाच पिळतो. फिरत्या कपलरमुळे उभी गाडी आडवी पडली तरी ट्रेलर उभा राहतो. वायरिंगसाठी पाच तारांच्या चार करणारा कन्व्हर्टर लागेल, तोही घ्या.

लेस्टरचा वाटसरू:
कन्व्हर्टर तुमच्याकडे लागतो, कारण तिकडच्या बऱ्याच ट्रेलरना ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात. इथे दोन्ही वेगळे, सात पिनांचा सॉकेट. पण रिले लावणार आहे. ट्रेलरच्या दिव्यांचा भार जुन्या वायरींवर घालायचा नाही.

@मीठ आणि गंज, सामान कमी करता आलं असतं तर केलं असतं. बायकोच्या गुडघ्यांमुळे तिला जमिनीवर झोपवत नाही. खाट न्यावीच लागते. ती न्यायची नसेल तर तिने घरीच थांबायचं, आणि ते मला मान्य नाही.

कोथरूडचा फिटर:
दोघांचंही थोडं चुकतंय. ट्रेलर लावला म्हणजे गाडीवरचा भार संपला असं नाही. तुमच्या दोन चाकांत सुमारे 1.7 मीटर अंतर आहे. बॉल मागच्या आसाच्या 60 सेंटिमीटर मागे आला आणि त्यावर 20 किलो पडले, तर पुढच्या चाकावरचे सात किलो कमी होतात आणि मागच्यावर 27 वाढतात. म्हणजे ए 5 वर जे झालं त्याचाच छोटा अवतार. उलट ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे बॉलवर टेकणाऱ्या टोकावर भार फारच कमी ठेवला तर ट्रेलर वेगात डोलायला लागतो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. अंदाजाने नको, मोजून.

मीठ आणि गंज:
गणित पटलं. पण गणितातली फ्रेम नवी आहे, यांची नाही. आणि उतारावरच्या ब्रेकचं कोणीच बोललं नाही.

लेस्टरचा वाटसरू:
ब्रेकचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे वेग कमी ठेवणं एवढाच उपाय आहे. ट्रेलर असताना दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि मोटरवेवर 60 ही मर्यादा आहेच. उतारावर मी 40 धरून चालेन.

काल मित्राचा ट्रेलर आणून भरला, 95 किलो झाला. नाकाखाली लाकडी ठोकळा आणि ठोकळ्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला: 19 किलो. पाण्याचा कॅन आणि शेगडीचा खोका आसावर सरकवला, 11 वर आला.

मग डाव्या पेटीमागे हात घालून फ्रेम खरवडली. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली नखाएवढा गंज, त्याखाली चकचकीत धातू. उजवीकडे मात्र सांध्यापाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक जरा रुतलं. शनिवारी वेल्डरकडे नेतोय. तो हो म्हणेपर्यंत टोबार खोक्यातच राहील.

मीठ आणि गंज:
उजवीकडचा फोटो टाका. वेल्डरला बाहेरून नुसतं बघू देऊ नका, पेटी उतरवून दाखवा.