गाईड स्कोप ३० एमएमचा घेऊ की ६०चा?

कोथरूडची_गच्ची:
मंडळी, ताऱ्यांचे फोटो काढतोय, सल्ला हवाय. माझ्याकडे ७२ एमएमचा ईडी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, फोकल लेंग्थ ४२० एमएम, मागे कॅनन २००डी कॅमेरा. परवा वेल्ह्याला गेलो होतो, एक मिनिटाला तारे बरे येतात पण तीन मिनिटं ठेवलं की सगळ्या फोटोभर तांदळातल्या अळ्या. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा (दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडचा) अक्ष ध्रुवाकडे लावणं, नीट केली होती (म्हणजे मला तरी तसं वाटलं). आता गाईडिंग सुरू करायचंय, म्हणजे शेजारच्या छोट्या गाईड स्कोपने एक तारा धरून माउंटची चाल दुरुस्त करत राहायचं. त्यासाठी एएसआय १२० एमएम मिनी हा गाईड कॅमेरा एका मित्राकडून मिळतोय, स्कोपचं मात्र ठरत नाहीये. ३०/१२० की ६०/२४० (व्यास/फोकल लेंग्थ, एमएममध्ये)? दुकानदार म्हणतो ६०च न्या, पुढे उपयोगी पडेल.

खोडदकर:
दुकानदार म्हणणारच. गणित सोपंय, पिक्सेल मायक्रॉनमध्ये घे, २०६ ने गुण आणि फोकल लेंग्थने भाग. २००डीचा पिक्सेल ३.७२, म्हणजे तुझा फोटो साधारण १.८ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग) प्रति पिक्सेल. गाईड कॅमेऱ्याचा ३.७५, तो १२०वर लावला तर ६.४. साडेतीन पट झालं. पीएचडी२ हे गाईडिंगचं सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या छोट्याशा अंशापर्यंत काढतं, त्यामुळे चार पटीपर्यंत बिनधास्त चालतं. ३० घे, हलका आहे, माउंटवर भार नको.

मघा_आणि_मी:
खोडदकरांचं गणित बरोबर आहे पण कोथरूडच्या आकाशात ३० एमएमला कधीकधी तारे कमी पडतात, ६० मध्ये अंधुक तारेही सापडतात. तरी मी ६० घे म्हणणार नाही, कारण मी स्वतः तोच घेऊन वर्षभर डोकं आपटलंय. रिंगांना तीन-तीन प्लास्टिकचे स्क्रू, पीएचडीचा ग्राफ अगदी सरळ, मी खूश, आणि फोटोत तारे लांबुळके! गाईड स्कोप तारा धरून बसलेला पण तो स्वतःच मेन स्कोपपासून हळूहळू वाकत होता, फ्लेक्शर म्हणतात ते हेच. माउंटला शिव्या घातल्या, बॅलन्स दहादा केला, शेवटी रिंगा काढून मेटलच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसवला तेव्हा सुटलो. तर स्कोपपेक्षा तो कशात बसणार ते बघ. फाइंडर शूमध्ये (मेन स्कोपवरच्या छोट्या दुर्बिणीच्या खाचेत) बसवणार असशील तर हाताने हलवून बघ, किंचित जरी हलला तरी नको. आणि केबल लोंबकळू देऊ नकोस, तीही ओढते.

कोथरूडची_गच्ची:
मग पुढे आठ इंची न्यूटोनियन घेतला तर हा ३० वाया जाणार का?

खोडदकर:
तिथे फोकल लेंग्थ १००० च्या आसपास जाते आणि आरसाही हलतो, मग ६० पण पुरेलच असं नाही, ऑफ-अॅक्सिस गाईडर (मेन स्कोपमधलाच थोडा प्रकाश गाईड कॅमेऱ्याकडे वळवणारा) लागतो. आजच त्याची चिंता कशाला. तुझा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे, पुण्यात ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशावर, गच्चीवरून समोरच्या सोसायटीची टाकी आड येत असेल बघ.

कोथरूडची_गच्ची:
टाकी नाही हो, मोबाईल टॉवर 😭

मघा_आणि_मी:
पीएचडीमध्ये ड्रिफ्ट अलाइनमेंट (तारा किती सरकतो ते बघून अक्ष जुळवणं) आहे, ध्रुव न दिसता होते, वेळ मात्र जातो. कॅलिब्रेशन (माउंट हलवल्यावर तारा कुठे, किती सरकतो हे पीएचडीला शिकवणं) मात्र खगोलीय विषुववृत्ताजवळ कर, ध्रुवाकडे तोंड करून नको. आणि डिसेंबरात गाईड स्कोपलाही ड्यू हीटर (भिंगावर दव बसू न देणारी गरम पट्टी) लाव, मी फक्त मेनला लावला होता, रात्री दोनला तारा गायब आणि मी ढग शोधतोय.